अकरा मतांचा चोर

८ फेब्रुवारी, सोमवार

ऑस्प्रे बेमध्ये पाळण्यातली बाळं धरून तीन हजार शंभर माणसं राहतात. आमच्या साप्ताहिकाच्या वेबसाइटवरच्या कौलात आज सकाळपर्यंत चार हजार नऊशे बारा मतं पडली होती.

ल्यूसियननी मला बोलावून आकडा दाखवला. संपादक तेच, मालक तेच आणि सकाळी दारासमोरचा बर्फ उपसणारेही तेच, त्यामुळे आठ वाजताच दमलेले असतात.

"ऐला, तू गणित शिकवायचीस ना? हे मला समजावून सांग."

"लोक पुन्हा पुन्हा मत देतायत."

"तेवढं मलाही कळलं. थांबव."

प्रश्न साधा आहे. सॉना पॉइंटची जागा पेपर मिलला लाकडाच्या भुश्याचे ढीग ठेवायला द्यावी की देऊ नये? मिल म्हणते, जागा मिळाली नाही तर नवं यंत्र दुसऱ्या गावात बसवू. पॉइंटवर आजोबांच्या पिढीने फिनलंडहून येऊन बांधलेली लाकडी सॉना, म्हणजे वाफेचं स्नानघर, आहे आणि गावाला पोहायला तेवढा एकच किनारा आहे. नगरपरिषदेने जाहीर केलंय की मार्चमध्ये ठराव करताना आमच्या 'सेंटिनल'चा कौल विचारात घेतला जाईल. तेव्हापासून गाव नुसतं बटण दाबत बसलंय.

शाळा बंद झाली त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून ही वेबसाइट मी सांभाळते. पुस्तकं वाचून शिकले. मला कुणी फसवलेलं खपत नाही, वर्गातही खपायचं नाही. या आठवड्यात एक माणूस, एक मत करून दाखवते.

१० फेब्रुवारी

पहिला उपाय सोपा. मत दिलं की त्या माणसाच्या ब्राउझरमध्ये खुणेची चिठ्ठी ठेवून द्यायची. तिला कुकी म्हणतात. पुन्हा आला की चिठ्ठी दिसते आणि दार बंद.

दुपारी पोस्टात गेले तर काउंटरवरची व्हर्ना म्हणाली, "तुझी ती चिठ्ठी पुसता येते गं. सकाळपासून सव्वीस मतं दिली मी."

"कुठल्या बाजूने?"

"ते गुप्त असतं," ती म्हणाली आणि तिकिटं मोजायला लागली.

१२ फेब्रुवारी

चिठ्ठी पुसता येते, घराची इंटरनेट जोडणी पुसता येत नाही. प्रत्येक जोडणीला नंबर असतो. आता एका नंबरावरून एकच मत. सगळं शांत झालं. ल्यूसियननी मला त्यांच्या डब्यातलं अर्धं मांस-बटाट्याचं पॅटिस दिलं. त्यांच्याकडून ही मोठीच शाबासकी.

१३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आईचा फोन.

"तुझं यंत्र मला म्हणतंय, आपण आधीच मत दिलंय. मी कधी दिलं?"

"आई, तू विसरली असशील."

"मी एकोणऐंशी वर्षांची आहे, वेडी नाही. इकडे ये."

बर्चवुड वृद्धाश्रमात गेले. आईला तिथे दोन वर्षं झाली. बैठकीच्या खोलीत दहाबारा जण माझी वाटच बघत बसले होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे नाही, मुख्याध्यापकांसारखे. एकेचाळीस म्हातारी माणसं, एक जोडणी. पहिलं मत दिलं स्वयंपाकीण जॅनीनने. बाकी सगळ्यांना माझ्या यंत्राने हाकललं.

"म्हणजे आम्ही एकेचाळीस जण मिळून एक माणूस?" आई म्हणाली. "आणि तोही जॅनीन?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. घरी येऊन नंबराचा नियम काढून टाकला. नंबर म्हणजे घर, माणूस नव्हे. हे आधी सुचायला हवं होतं, मी गणित शिकवलंय.

२१ फेब्रुवारी, रविवार

आठ दिवस दुसरं काही केलं नाही. जमलं.

माणूस नाव सांगत नसला तरी त्याचं यंत्र बडबडं असतं. पान उघडताना विचारलं की ते सांगून टाकतं: माझी स्क्रीन एवढी, अक्षरं एवढी मोठी केलेली, भाषा ही, ब्राउझर हा, माझ्यात अमुक अमुक टंक, म्हणजे फॉन्ट, भरलेले. एकेक गोष्ट शेकडो यंत्रांत सारखी सापडते. पण सगळ्या एकत्र बांधल्या की गावात तसं यंत्र एखादंच निघतं. गोठलेल्या तलावावर लांबून चेहरा दिसत नाही, तरी चालीवरून आपण माणूस ओळखतो, तसंच. मी त्याला ठसा म्हणते. चिठ्ठी पुसा, खिडकी बदला, ठसा तोच राहतो.

बर्चवुडच्या बैठकीतल्या संगणकासाठी वेगळी सोय केली आहे. तिथली नर्स प्रत्येकाला एक आकडा देईल, तो टाकून मत द्यायचं. बाकी कुठे अशी सोय लागेलसं वाटत नाही.

प्रत्येक मताच्या शेजारी त्याचा ठसा, जोडणीचा नंबर आणि वेळ साठवते, म्हणजे तपासायला बरं. नाव विचारतच नाही. त्यामुळे कुणाचं काही बाहेर जायचा प्रश्नच नाही.

उद्यापासून कौल पुन्हा शून्यापासून.

२४ फेब्रुवारी, बुधवार

सापडला.

सकाळी सहा चाळीस ते सात दहा. एकच ठसा, अकरा मतं. अकराही 'देऊ नये'. प्रत्येक वेळी चिठ्ठी पुसून पुन्हा हजर. जोडणीचा नंबर पाहिला तर मिलचा. म्हणजे हा मनुष्य मिलमध्ये बसून मिलच्याच विरोधात खोटी मतं ठोकत होता. वेळही हुशारीने निवडलेली. सातला पाळी बदलते, आत जाणारे आणि बाहेर पडणारे एकत्र येतात, त्या गर्दीत कोण कुठल्या संगणकावर बसलंय याकडे कुणाचं लक्ष असणार?

माझं मतही 'देऊ नये'च आहे. पण आपल्या बाजूच्या चोराला सोडलं तर मग दुसऱ्या बाजूला कशाला धरायचं? पहिलं मत ठेवलं, दहा उडवली.

ल्यूसियन म्हणाले, "यावर बातमी लिही. गावाला कळू दे की आता कुणीतरी लक्ष ठेवून आहे."

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिल्या पानावर, माझ्या नावाने: "मिलमधल्या एका संगणकावरून अकरा मतांची चोरी". वेळ दिली, आकडा दिला, ठशाची पद्धत सोप्या शब्दांत समजावली. पाच वर्षांत माझं नाव पहिल्या पानावर आलं नव्हतं. आईसाठी दोन प्रती घेतल्या.

२८ फेब्रुवारी, रविवार

आर्वो आणि जोसी कॉफीला आले. रविवारी दादा-वहिनी येणार म्हणून मी वेलदोड्याचा पाव भाजतेच. ठसा कसा चालतो ते त्यांना समजावलं. टेबलावर चमचे मांडून दाखवलं. जोसी नीट ऐकत होती. आर्वो पाव कुस्करत बसला.

मध्येच म्हणाला, "चोर हा शब्द कुणी निवडला?"

"मी. का?"

"काही नाही. छान, छोटा शब्द आहे."

एकवीस वर्षं तो मिलमध्ये यंत्रांच्या पॅनेलवर आहे. मिलचं नाव पेपरात आलं म्हणून झोंबलं असेल. इतक्या वर्षांत माणूस कंपनीचा होऊन जातो. जाताना दारात पायात बूट घालायला त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, पण बोलला काही नाही. मी बर्चवुडच्या आकड्यांबद्दल सांगत होते ते त्याच्या पाठीमागे गाडीपर्यंत सांगत गेले.

३ मार्च, गुरुवार

जोसीचा फोन आला. आर्वोला कामावरून घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत बिनपगारी.

कारण मी.

हे तिच्याच शब्दांत लिहून ठेवते, म्हणजे मला पुढे गुळगुळीत करता येणार नाही. ती म्हणाली, "पॅनेलवर जाताना फोन आत नेता येत नाहीत. कुलपात ठेवावे लागतात. जेवणाच्या खोलीत एकच संगणक आहे आणि तो पाळीच्या मुख्याच्या नावाने उघडतो. त्या बुधवारी तो आर्वोच्या नावाने उघडा होता. जाणारे सहा, येणारे पाच. एकेकाने बसून एकेक मत दिलं. पुढच्याला मत देता यावं म्हणून चिठ्ठी पुसत होते. अकरा माणसं, ऐला. तू वेळ छापलीस, मिल छापलीस, एक संगणक छापलास. मॅनेजर हॉलिसला शोधायला दहा मिनिटं लागली असतील."

मी म्हटलं, "पण एकच ठसा..."

"संगणकाचा," ती म्हणाली. "तुझ्या भावाचा नाही."

एकेचाळीस जण मिळून एक माणूस. हे मला एकदा शिकवून झालं होतं. तीन आठवडेही झाले नाहीत.

४ मार्च

आर्वोकडे गेले. तो गॅरेजमध्ये बर्फावर चालणाऱ्या स्कूटरचं इंजिन उघडून बसला होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"रविवारी सांगायलाच आलो होतो. तू चमचे मांडत होतीस."

"आर्वो, मला माहीत नव्हतं रे."

"तेच तर. माहीत नव्हतं तर छापलंस कशाला?"

तो पान्याने काहीतरी घट्ट करत राहिला. मग म्हणाला, "बाकीच्या दहा जणांची नावं मागतायत. दिली तर सोमवारपासून ये म्हणाले."

"मग?"

"मग काय? मी काय त्यांची वेबसाइट आहे?"

मला टोमणा मारायचा म्हणून तो बोलला नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण लागलं.

७ मार्च, सोमवार

मिलचे मॅनेजर ग्रँट हॉलिस स्वतः ऑफिसात आले. सभ्य माणूस. बूट पायपुसण्यावर व्यवस्थित पुसले. ल्यूसियनच्या खोलीत आम्ही तिघे बसलो.

"तुमची बातमी मला फार आवडली," ते मला म्हणाले. "तुमच्या यंत्राला माणसं ओळखता येतात."

"यंत्रं ओळखता येतात. माणसं नाही. त्या बाबतीत मी चुकले."

"जेवणाच्या खोलीच्या बाबतीत, हो. पण आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला स्वतःचा लॅपटॉप आहे. कुठला कुणाकडे याची यादी माझ्याकडे आहे. कुठल्या लॅपटॉपवरून काय मत पडलं याची यादी तुमच्याकडे. आमच्या नंबरावरून आलेली मतं तेवढी द्या. वेळ आणि ठशासकट."

"कशाला हवीत?"

"कंपनीच्या यंत्रांचा वापर कशासाठी होतोय ते बघणं माझं काम आहे."

"नाही मिळणार."

ल्यूसियन टेबलावरची पेन्सिल फिरवत होते. शेवटच्या पानावरची पानभर जाहिरात मिलची असते, गेली तीस वर्षं. ते म्हणाले, "ग्रँट, विचार करायला दोन दिवस द्या."

"जरूर," हॉलिस म्हणाले आणि कोट घालता घालता माझ्याकडे वळले. "तुमच्या भावाचं प्रकरणही माझ्याच टेबलावर आहे. सहकार्य मिळालं तर मलाही सहकार्य करायला बरं पडतं."

मी म्हटलं, "हे वाक्य तुम्ही लिहून देऊ शकाल का? तुमच्या नावाने छापते."

ते हसले. दार हळूच लावून गेले. ल्यूसियन माझ्यावर ओरडले नाहीत, त्याची मला जास्त भीती वाटली.

८ मार्च

जोसी सकाळी आली. कॉफी घेतली नाही.

"यादी देऊन टाक."

"जोसी, त्यात तीसचाळीस माणसं असतील."

"माझ्या घरात एकच माणूस आहे आणि तो गॅरेजमधून आत येत नाही. त्या तीसचाळीस जणांनी त्याच्यासाठी काय केलं? मतं तू गोळा केलीस, ठसे तू घेतलेस, बातमी तू छापलीस. आणि आता तत्त्व आठवलं? माझ्या नवऱ्याच्या जिवावर?"

ती बोलली ते सगळं खरं होतं.

ती गेल्यावर तो तक्ता उघडला. दोन हजार एकशे चार ओळी. मला बघायचं होतं की खरंच किती कळतं. ऑफिसातली यादी नसलेल्या माणसाला, म्हणजे मला, किती कळतं.

एक ठसा दिसला: भाषा फिनिश, अक्षरं सगळ्यात मोठी, जुनी टॅब्लेट. आई. 'देऊ नये'. मग पोस्टातला संगणक. व्हर्नाने शेवटी एकच मत दिलंय आणि ते 'द्यावी'. पाचच मिनिटांत नऊ जण ओळखले. मी थांबायला हवं होतं, थांबले नाही. मला ती मजा वाटायला लागली होती, हेही लिहून ठेवते.

दहावा ठसा: फ्रेंच कीबोर्ड, छोटी स्क्रीन, आर्वोच्या घराचा नंबर. तो लॅपटॉप मीच तिला नाताळात दिला होता, टंकसुद्धा मीच भरले होते. जोसी. 'द्यावी'.

तिने जागा मिलला द्यावी म्हणून मत दिलंय. नवरा जेवणाच्या खोलीत 'देऊ नये' देत होता आणि ती घरी 'द्यावी' देत होती. नवं यंत्र आलं तर आर्वोची नोकरी टिकेल, दुसरं काय कारण असणार? त्याला तिने सांगितलेलं नाही, नाहीतर माझ्यासमोर कधीतरी चेष्टा झाली असती.

मला हे कळायचं काही कारण नव्हतं. आणि आता ते डोक्यातून काढायला कुठलंही बटण नाही. रविवारी ती समोर बसेल, पाव घेईल, आणि मला माहीत असेल.

हॉलिसला दोन याद्या लागतात. मला एकही लागली नाही. काल मी त्याला नाही म्हटलं, पण ते काम मी स्वतःच करून बसले होते.

९ मार्च, बुधवार

सकाळी आठला ऑफिसात गेले. कौल बंद केला. बेरीज एका कागदावर लिहून घेतली: देऊ नये अकराशे सदतीस, द्यावी नऊशे सदुसष्ट. अन्यायाने उडवलेली दहा मतं धरल्यावर अकराशे सत्तेचाळीस. मग ठशांचा तक्ता पुसला. वेबसाइट ज्या कंपनीच्या यंत्रावर चालते तिथल्या राखीव प्रतीही पुसल्या. घरच्या संगणकावर एक प्रत होती, ती पहाटेच पुसून आले होते. पुन्हा शोधून पाहिलं. कुठेच नाही. वीस मिनिटं लागली. तयार करायला आठ दिवस लागले होते.

ल्यूसियन बर्फ उपसून आत आले. मी सांगितलं.

बराच वेळ त्यांनी हातमोजे काढले नाहीत. "मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं."

"पेपर माझा आहे, ऐला."

"पेपर तुमचा आहे. ठसे माझे होते. काढायचं असेल तर काढा मला, मी पाटी-पेन्सिल घेऊन जाते."

ते खुर्चीत बसले. "शुक्रवारी पहिलं पान रिकामं आहे," ते म्हणाले. "मिलला काही द्यायचं नाही, असं मी काल रात्रीच ठरवलं होतं. तू मला ठरवायला दोन दिवस द्यायला हवे होतेस. मी दोन्ही वापरले नसते."

म्हणजे ते नाही म्हणणारच होते. किंवा आता तसं वाटतंय त्यांना. मी विचारलं नाही.

११ मार्च, शुक्रवार

आजचं पहिलं पान:

"२६ फेब्रुवारीच्या अंकात मी अकरा मतांची चोरी झाल्याचं लिहिलं. चोरी झालेली नाही. ती अकरा माणसांची अकरा मतं होती. एका संगणकावर बसायला एकाहून जास्त माणसं असू शकतात हे मला कळायला हवं होतं. त्या अकरा जणांची मी माफी मागते. मतदारांचे ठसे मी साठवले होते, तेही करायला नको होतं. ते आता नष्ट केले आहेत. कुणीही, कितीही वेळा मागितले तरी मिळणार नाहीत. ऐला तुओमिनेन."

ल्यूसियननी एक स्वल्पविराम हलवला, एवढंच. शेवटच्या पानावर मिलची जाहिरात नव्हती. तिथे त्यांनी तलावावरच्या मासेमारीचा मोठा फोटो लावला. फोटो वाईट होता.

बर्चवुडहून आईचा फोन आला. "माफी बरी लिहिलीस. पण 'चोर' हा शब्द परत घेतला असं स्पष्ट लिहिलं नाहीस."

"आई, चोरी झाली नाही असं लिहिलंय."

"ते वेगळं," म्हणाली आणि फोन ठेवला.

१६ मार्च

मिलच्या वकिलांचं पत्र. सगळ्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि सात दिवसांत सादर कराव्यात. दोन पानं, जाड कागद. ल्यूसियन म्हणाले, आपणही वकिलाकडून उत्तर देऊ. मी म्हटलं, वकील नंतर बघू, आधी मी लिहिते. लिहिलं: "आपण मागितलेल्या नोंदी आपलं पत्र येण्याच्या सात दिवस आधीच नष्ट केल्या आहेत. ११ मार्चचा अंक सोबत जोडला आहे. वर्गणीदार व्हायचं असल्यास अर्जही जोडला आहे."

अर्ज जोडू नकोस म्हणाले. मी जोडला.

२० मार्च, रविवार

कॉफीला आर्वो एकटाच आला. जोसीची तब्येत बरी नाही म्हणाला. बरी असावी. पाव कापून दिला तेव्हा म्हणाला, "यादी खरंच नाही?"

"खरंच नाही."

"असती तर दिली असतीस? माझ्यासाठी?"

"नाही."

त्याने लोणी लावलं. "बरं झालं," म्हणाला. नंतर बराच वेळ आम्ही हॉकीबद्दल बोललो. दोघांनाही त्यातलं आता फारसं कळत नाही.

२१ मार्च, सोमवार

नगरपरिषदेची सभा. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे. मी पेपरासाठी टिपणं घ्यायला पुढे बसले होते.

हॉलिस बोलायला उभे राहिले. 'सेंटिनल'च्या कौलावर विसंबून निर्णय घेणं बेजबाबदारपणाचं ठरेल, म्हणाले. ज्यांनी तो घेतला त्यांनाच आपल्या मतदारांत चोर कोण आणि साव कोण हे सांगता आलं नाही. काही लोक हसले.

मी हात वर केला. महापौरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही पत्रकार म्हणून बसलायत ना?"

"आता गावातली बाई म्हणून उभी आहे. मिस्टर हॉलिस बरोबर बोलतायत. कौलावर विसंबू नका. तो मी बांधलाय, त्यात काय काय होतं ते मला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत आहे. एका माणसाची सव्वीस मतं अडवायला गेले आणि अकरा माणसांचं एक मत केलं. माझ्यासाठी एकच करा: पेटी ठेवा. कागद, पेन्सिल आणि पडदा. निवडणुकीची यादी तुमच्याकडे आहेच."

"खर्च, वेळ," एक सभासद म्हणाले.

"पॉइंट पन्नास वर्षांच्या करारावर द्यायला निघालायत. चार आठवडे थांबा."

हॉलिस म्हणाले, "मिलला उत्तर याच महिन्यात हवंय."

"मिलला बरंच काय काय हवंय," मागून आवाज आला. आर्वो. तो सभेत कधी बोललेला मला आठवत नाही. त्याच्या लग्नातही बोलला नव्हता. तो उभा होता, टोपी हातात. "ते अकरा चोर होते म्हणतात ना, त्यातला एक मी. एकच मत दिलं. उद्या पेटी ठेवलीत तर पुन्हा तेच देईन. बाकी कोण होतं ते मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. एवढंच."

तो बसला नाही. थोड्या वेळाने उजवीकडे खुर्ची सरकली, कुणीतरी उभं राहिलं. मग आणखी एक खुर्ची. मग भिंतीजवळच्या एकाने अंग सोडवून पुढे पाऊल टाकलं. पाचव्या माणसानंतर हालचाल थांबली.

म्हणजे आर्वो धरून सहा. पाच जण उभे राहिले नाहीत. त्यांच्या घरी काय असेल मला ठाऊक नाही. कुणाकुणाचे चेहरे खाली गेलेत हे मला मान वळवली असती तर सहज दिसलं असतं. मी वहीत बघत राहिले आणि तारीख पुन्हा पुन्हा गिरवली.

ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर. सोळा एप्रिलला सभागृहात पेटी. निकाल मानू, असं सातही जणांनी नोंदीत लिहून दिलं.

७ एप्रिल

कामगार संघटनेने आर्वोला परत कामावर घ्यायला लावलं. पण पॅनेल नाही. लाकडं उतरवायच्या आवारात, सगळ्यात नव्या माणसाच्या हाताखाली. तो म्हणतो, हवा चांगली असते. एकवीस वर्षांनी हा माणूस ओंडक्यांवर खुणा करत उभा असतो. हे माझ्यामुळे. गाव आता मला रस्त्यात थांबवून शाबास म्हणतं, तेव्हा मला हे आठवतं आणि मी पुढे चालू लागते.

जोसी अजून आलेली नाही.

१७ एप्रिल, रविवार

निकाल. देऊ नये एक हजार एकशे एकोणीस. द्यावी एक हजार त्र्याहत्तर. शेहेचाळीस मतांनी पॉइंट गावाकडे राहिला. हॉलिसनी निवेदन दिलं की मिल आता पर्याय तपासेल. तपासू दे. यंत्र गेलं तर काही घरांची रोजीरोटी जाईल, त्यांच्याकडे बघून मला टाळ्या वाजवता येणार नाहीत. पण विचारलं गेलं, मोजलं गेलं आणि कुणी कुणाचं पाहिलं नाही.

काल दिवसभर मी टेबलावर होते, स्वयंसेवक म्हणून. माणूस नाव सांगतो, यादीत खूण करायची, कागद द्यायचा. पुढे पडदा. तिथे बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. इथे कोण आलं ते मला पूर्ण कळतं आणि काय दिलं ते अजिबात कळत नाही. मी फेब्रुवारीत नेमकं उलटं बांधलं होतं.

बर्चवुडची व्हॅन अकराला आली. आईने नाव सांगितलं, मी तिची मुलगी असूनही तिने ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि मी खूण करेपर्यंत उचललं नाही. आर्वो पाळी संपवून आला, कपड्यांना सालींचा वास. माझ्याकडे बघून भुवई उडवली.

जोसी चारच्या सुमाराला आली. एकटी. रांगेत तिच्या मागे दोघेच होते.

"जोसी तुओमिनेन," तिने सांगितलं, जशी काही मी परकी.

यादीत शोधलं. खूण केली. कागद घडी घालून तिच्यासमोर धरला. तिने तो घेतला पण हलली नाही. हळू आवाजात म्हणाली, "तू तक्ता पुसलास तो आधी वाचून पुसलास ना?"

"हो."

"माझं पाहिलंस."

मी खोटं बोलले नाही. "पाहिलं. चूक झाली माझी."

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

ती कानांपर्यंत लाल झाली होती. तिला राग आला होता की लाज वाटत होती, मला सांगता येणार नाही. "म्हणजे आता मी आत जाऊन काय करणार ते तुला माहीत आहे."

मला वाटत होतं की माहीत आहे. तिचे हिशोब मला कळतात, तिची भीती मला कळते, तो लॅपटॉप मीच दिलेला. पण तिच्या हातात कोरा कागद होता आणि पलीकडे पडदा होता.

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नाही. पडद्यामागे पेन्सिल आहे, टोक काढलेली. पुढे."